तिन्ही दिवे विझले की

आमच्या दुकानाला जळक्या मोटरींचा वास होता,
व्हार्निश, करपलेला कागद, काळं पडलेलं तांबं.
दादा एकेका खाचेत बेचाळीस वेढे घालायचे
आणि मोजायला मला बसवायचे.
एकोणचाळिसाव्याला गिऱ्हाईक आलं
की पुन्हा पहिल्यापासून.

आटपाडीहून दोन एस.ट्या बदलून
मी सांगलीला विश्रामबागेत आले,
तर उपाध्ये सरांनी फळ्यावर एक बाण काढला
आणि म्हणाले, हा फिरतो.
बाण जागचा हलला नाही.
साठ जण मनातल्या मनात तो फिरवत बसलो,
घड्याळाच्या उलट,
आणि बाहेर कुणाची तरी बुलेट काही केल्या सुरू होत नव्हती.

मग कळलं, सगळी वीज काम करत नाही.
काही नुसती जाते आणि येते.
मीटर तिला मोजत नाही, तारा मात्र तिच्यानंही तापतात,
आणि ती नसेल तर मोटर जागची हलत नाही.
मला शशीआत्या आठवली.
लग्नघरात दिवसभर आत-बाहेर, हात रिकामे,
पण ती जरा पडली की पंगत अडते.
वहीत मी समासात लिहिलं: रिॲक्टिव्ह = आत्या.
परीक्षेत एवढंच बरोबर आलं.

लॅबमधलं मशीन माझ्या आईहून थोरलं.
नदाफमामा त्याला सकाळी फडक्यानं पुसतात,
सुरू करण्याआधी बोटानं शाफ्ट थोडा फिरवून बघतात,
वासराची मान हलवावी तसा.
त्या दिवशी ते बोर्डाच्या विजेला जोडायचं होतं.
मध्ये उघडा स्वीच, स्वीचवर तीन दिवे.
दिवे एकदम लागायला हवेत, एकदम विझायला.
आमचे लागले एकामागून एक, गोल गोल,
मांडवातल्या माळेसारखे.
पोरं खूश.
सर गप्प. नदाफमामा छताकडं बघत.

"फेज उलटी बसलीय," मी म्हणाले.
मशीन थांबवलं, दोन टोकं सोडली, अदलाबदल केली.
"दोन वायरी बदलल्या की काय होतं?" सर.
"पाणी येतं, सर. पंपाला."
वर्ग फुटला हसून.
सर हसले नाहीत. "का येतं?"
"येतं. दादा तसंच करतात."
"हे उत्तर नव्हे. उद्या लिहून आण."

आता तिन्ही दिवे एकत्र फुलत होते, एकत्र मावळत होते,
हळू, अजून हळू,
मामा वेगाचं चाक केसभर सरकवत होते.
"उजेडात खटका ओढलास तर शाफ्ट पिळवटेल.
अंधार पडू दे. अंधाराच्या बरोबर मध्यावर."
दिवा गेला की फ्यूजकडं पळायचं
एवढंच मला जन्मापासून ठाऊक.
हात तिथंच ठेवून थांबायचं, हे नवीन होतं.
दोन अंधार मी सोडून दिले.
तिसऱ्याला खटका पडला.

काहीच झालं नाही.
फक्त फरशीखालची घरघर जरा बदलली.
मामा म्हणाले, "झालं. आता हे म्हातारं
आणि कोयनेचं मशीन एका ठेक्यावर."

रात्री तीन लाटा काढल्या, एकशेवीस अंशांवर,
दोघींची नावं बदलली, पुन्हा काढल्या,
आणि पानावर सगळं उलटं फिरायला लागलं.
अकराला फोन लावला. दादा दुकानातच.
थ्री फेज रात्री येते, मोटरी रात्रीच जळतात.
मी सगळं सांगितलं, बाणासकट.
"हां. म्हणजे तेच की," ते म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही.
"पण का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं बघ."
मग एकदम: "अगं थांब, मोजणी चुकली माझी."

फोन तसाच फळीवर ठेवला असावा त्यांनी.
एक, म्हणाले. दोन.
मी इकडून, तीन.